विजेचे डोहाळे

सर्व मराठी बंधुभगिनींस, आणि विशेषतः आपल्याच जिल्ह्याचा पाऊस सर्वांत भारी असं मानणाऱ्यांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की आकाशातला गडगडाट ही कोणत्याही एका तालुक्याची वडिलोपार्जित मालमत्ता नाही. या विषयावर कतार देशात, दोहा शहरात, अल अझीझियातल्या आमच्या दिवाणखान्यात कित्येक शुक्रवार सुनावणी चालली. साक्षी झाल्या, आवाज चढले, एकदा शेंगदाण्याच्या चटणीची वाटी लवंडली. निकाल मात्र लागला तो वाळवंटात, गाडीच्या बंद काचांआड, आणि तो दिला अशा एका मुलीने, जिने सबंध सुनावणीत तोंड उघडलं नव्हतं. मी त्याचा साक्षीदार आहे. पदरचं काही घालणार नाही अशी शपथ मात्र घेत नाही. घातलंच तर शोभेपुरतं घालीन.

शुक्रवार हा इथला सुटीचा दिवस. दुपारची झोप झाली की आमच्याकडे चहाला खालच्या मजल्यावरचं तरुण जोडपं यायचं. मुलगा नाशिककडचा, इथे आयटीत दोन वर्षांच्या करारावर आलेला. त्याची बायको लातूरकडची, गोरी-सावळीच्या मधली, डोळे मोठे आणि बोलणं नसल्यासारखं. आम्ही यजमान म्हणजे मी पुण्याचा, गॅसच्या प्लांटवर वर्षानुवर्षं इंजिनिअरकी करून टक्कल पडलेला, आणि माझी बायको रत्नागिरीची. रत्नागिरीची म्हटल्यावर पुढचं सांगायला नको, पण ती पुढचंही सांगते.

वादाला तोंड फुटायला काही लागत नसे. बाहेर सूर्य भाजतोय, खिडकीला पडदे, आत एसी घुरघुरतोय, अशा वेळी चहाचा पहिला घोट घेतला की कोणीतरी म्हणायचं, आता आपल्याकडे काय झालं असतं. झालं. मी उठून उभाच राहायचो. पुण्याचा वळीव बसून सांगता येत नाही. दुपारभर तापवतो, कावळेसुद्धा गप्प होतात, मग डोंगराआडून एक काळी भिंत सरकत येते, धुळीचा लोट उठतो, दारं आपटतात, आणि पहिला कडकडाट थेट डोक्यावर. टपोरे थेंब, चार गारा, अर्ध्या तासात खेळ खलास आणि रस्त्यावर गुलमोहराच्या पाकळ्यांचा चिखल. आटोपशीर एकांकिका.

इथे मी ओव्हनचा ट्रे दोन्ही हातांत धरून हलवायचो. याला इतिहास आहे. तरुणपणी मी हौशी नाटकांत होतो. मला कधी मिशीसुद्धा चिकटवायला मिळाली नाही. माझं काम विंगेत. टांगलेला मोठा पत्रा धरायचा आणि वादळाचा प्रवेश आला की तो हलवून गडगडाट करायचा. एकदा माझ्या गडगडाटाला वन्स मोर मिळाला होता. बायकोच्या मते तो नायिकेच्या गाण्याला होता आणि मी मधेच पत्रा हलवल्यामुळे गाणं कोणाला ऐकू आलं नाही, म्हणून लोकांनी पुन्हा मागितलं. इतिहासाची अशी मोडतोड आमच्या घरात नेहमी होते.

तर बायको म्हणायची, एकांकिका कसली, ती नाटकाची जाहिरात. गडगडाट बघावा कोकणात. आणि तोही आषाढ-श्रावणात नाही, तेव्हा नुसता पाऊस. गडगडतं ते पाऊस येताना आणि जाताना, चांगल्या घरचा पाहुणा दारात थांबून बोलतो तसं. आश्विनात भात कापणीला आलेलं, संध्याकाळी सड्यावरून, म्हणजे गावावरच्या खडकाळ माळावरून, वीज निघते ती समुद्रापर्यंत जाते. एका डोंगराने हुंकार दिला की दुसरा त्याची री ओढतो, तिसरा त्याची. आवाज संपतच नाही. तिच्या लहानपणी गडगडायला लागलं की घरातलं कोणीतरी अंगणात कोयता फेकायचं, म्हणजे वीज पडायचीच तर लोखंडावर पडेल. ती हे सांगताना कोयता फेकण्याचा अभिनय इतका जोरात करायची की आम्ही कप बाजूला घ्यायचो.

नाशिकचा मुलगा आम्हा दोघांकडे लहान मुलांकडे बघावं तसं बघायचा. म्हणायचा, "काका, आमच्याकडे वीज चमकली की कोणी वा म्हणत नाही. सगळे आधी द्राक्षांकडे बघतात." ऐन फेब्रुवारीत ढग दाटून आले की त्यांच्या गल्लीत टीव्ही बंद होत, बोलणी बंद होत, आणि पत्र्यावर पहिली गार वाजली की मोठी माणसं डोळे मिटत. त्याच्या दृष्टीने गडगडाट ही बाजारभावाची बातमी होती.

कतारला आम्ही स्पर्धेतून आधीच बाद केलं होतं. इथे हवामान दोनच प्रकारचं, एसीच्या आतलं आणि एसीच्या बाहेरचं, असं मी जाहीर केलं होतं आणि त्यावर सर्वांनी माना डोलावल्या होत्या.

राहता राहिलं लातूर. तिला विचारलं की ती हसायची, "आमच्याकडं पण असतं की," म्हणायची आणि रिकामे कप गोळा करून आत जायची. मला वाटायचं, बिचारीला सांगता येत नसेल. सगळ्यांनाच थोडाच पत्रा हलवता येतो.

त्या उन्हाळ्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. माहेरी वडिलांचं मोठं ऑपरेशन झालेलं, आई त्यांच्यापाशी अडकलेली, तेव्हा बाळंतपण इथेच करायचं ठरलं. माझ्या बायकोने कोणी न नेमता तिच्या आईचा पदभार स्वीकारला. पहिलं काम, डोहाळे. पोटुशीला काय हवंसं वाटतं ते विचारायचं आणि पुरवायचं. बायको विचारून विचारून थकली. चिंच? नको. कैरीचं लोणचं? आहे काकू घरात. ओल्या काजूची उसळ? दोह्यात ओले काजू कुठून आणणार होती ते तिचं तिला माहीत, पण विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, काही नको. बायको वर येऊन माझ्यावर करवादायची की काहीच नको म्हणणाऱ्या बाईला खरं तर फार मोठं काहीतरी हवं असतं. मी म्हटलं, तुझ्या बाबतीत असं कधी झालं नाही. त्यावर मला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

उत्तर शेवटी मिळालं ते माझ्या कंबरेमुळे.

आमच्या बाल्कनीत लोखंडी सांगाड्याचा एक वेताचा झोपाळा होता. लातूरच्या मुलीला त्यावर बसायला बरं वाटतं असं बायकोच्या लक्षात आलं आणि झोपाळा खालच्या मजल्यावर हलवण्याचा हुकूम सुटला. लिफ्टमध्ये तो मावेना. म्हणून मी आणि नाशिककर जिन्याने निघालो. वळणावर माझ्या कंबरेत कट्‌ असा आवाज झाला. खरोखर झाला, त्याने पण ऐकला. तिथून मला त्यांच्या हॉलपर्यंत कसं नेलं ते विचारू नका. मी गालिच्यावर उलट्या खेकड्यासारखा पडलो होतो. बायको बाम घेऊन आली आणि सांत्वन म्हणून म्हणाली की पत्रा हलवणाऱ्याने झोपाळ्याच्या वाटेला जाऊ नये.

मी उठायचा प्रयत्न केला तर दारातून आवाज आला.

"काका, कशाला उठायलेत? पडून राहा. उसण भरली आहे. मी पायाळू आहे."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जन्मताना जे मूल डोक्याऐवजी पायांकडून बाहेर येतं ते पायाळू. आपल्याकडे त्याबद्दल दोन गोष्टी मानतात. एक, पायाळू माणसाने पाय लावला की कंबरेत भरलेली उसण उतरते. दुसरी गोष्ट तितकी उपयोगाची नाही. वीज पायाळू माणसाला शोधत येते म्हणतात.

तिने भिंतीचा आधार घेतला आणि माझ्या कंबरेला हलकेच तीनदा पाय लावला, दर वेळी आधी नमस्कार करून, कारण मी वडीलधारा. उसण उतरली. बामाने उतरली की पायाने, हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे. पण मी उठून बसेपर्यंत माझ्या लक्षात आलं की बायको गप्प झाली आहे. ही घटना हवामानखात्याने नोंद घ्यावी अशी. ती मुलीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत तो अंगणातला कोयता मला स्पष्ट दिसत होता.

मुलगीही समजली. आणि मग कपांच्या मागे लपणारी ती मुलगी बोलायला लागली, खाली बघत, गालिच्याच्या झालरीशी खेळत.

त्यांच्याकडे वैशाखात संध्याकाळी आभाळ भरून आलं की गल्लीतून हाक यायची, पायाळू पोरीला आत घ्या. आई तिला उचलून धान्याच्या खोलीत न्यायची. त्या खोलीला खिडकी नव्हती. पोत्यांमध्ये बसवायचं, वरून घोंगडी, पायापाशी विळा. बाहेर ओसरीवर चुलत भावंडं ओळीने बसून बघायची. एक कडाडली की सगळी एका आवाजात ओरडायची. ही आत बसून गडगडाट ऐकायची आणि त्यांचं ओरडणं ऐकायची. काय बघून ओरडतात ते तिला कधीच दिसलं नाही. पुढे मोठी झाली, शिकली, पुण्यात नोकरी केली. तिथे कोण कोंडणार? पण ढग वाजले की पाय आपोआप आतल्या खोलीकडे वळायचे. ऑफिसात असली तर वॉशरूमकडे. तीस वर्षांच्या आयुष्यात तिने वीज अशी पाहिलीच नव्हती. खिडकीच्या फटीतला उजेड पाहिला होता, एवढंच.

नवऱ्यालाही हे नवीन होतं. तो तोंड उघडं टाकून बघत होता.

मग ती माझ्या बायकोकडे वळली. "काकू, तुम्ही सारखं विचारता ना काय पायजे म्हणून. मला वीज बघायची आहे. परवा सोनोग्राफीत बाळ बसलेलं दिसलं, पाय खाली. डॉक्टर म्हणाल्या, लई वेळ आहे, फिरेल. नाही फिरलं तर ऑपरेशन करतील, त्याचं मला काही वाटत नाही. पण करार संपला की आम्ही परत जाणार. उद्या आभाळ आलं आणि ह्या बाळाला कोणी आत ढकलायला लागलं, तर मी मधे उभी राहायला पायजे. आणि मीच पळायले ना आत."

आता तुम्हीच सांगा. डोहाळा पुरवायचा असतो, हा धर्म. कैरी मागितली तर मिळते. ही मागत होती वीज, आणि तीही अशा देशात, जो आम्ही स्पर्धेतून बाद केला होता. मी कंबरेवर हात ठेवून, कारण तो तिथून हलत नव्हता, प्रतिज्ञा केली की बाळ यायच्या आत मी तिला वीज आणून दाखवीन. बायको वर जाऊन बराच वेळ देवापाशी बसली.

आणि मग मी ती चूक केली जी फक्त मराठी माणूसच करू शकतो.

ऑक्टोबर लागला होता. एका संध्याकाळी घराबाहेर पाऊल टाकलं तर चष्म्यावर वाफ. शर्ट पाठीला चिकटलेला. वारा नाही, पान हलत नाही, जीव नुसता कासावीस. आता महाराष्ट्रात जन्मलेल्या कोणालाही विचारा, एवढा उकाडा म्हणजे काय? म्हणजे आज कोसळणार. हे आपल्या हाडात असतं. मी व्हॉट्सॲपवर घोषणा केली, सर्वांना इमारतीच्या गच्चीवर जमवलं, खुर्च्या मांडल्या, बायकोने कांदाभजी तळून आणली. मुलीला मधोमध बसवलं. तिने दोन्ही मुठी घट्ट आवळल्या होत्या आणि मान वर करून ती बघत होती.

आम्ही बघत राहिलो. आकाश उकळलेल्या दुधासारखं पांढुरकं. एक विमान लुकलुकत गेलं. भजी संपली. आणि मग माझ्या टकलावर टप्‌ असा एक थेंब पडला. मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि म्हणालो, आली. दुसरा थेंब पडला. नाशिककराने मोबाइलचा उजेड वर मारला. माझ्या डोक्यावर लिफ्टच्या खोलीच्या एसीची नळी होती.

मुलगी खळखळून हसली. तिला असं हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. पण मी नाटकातला माणूस आहे, हसण्याहसण्यातला फरक मला कळतो. परीक्षा पुढे ढकलली गेल्यावर मुलं हसतात, तसं ते होतं. तिच्या मुठी सुटल्या होत्या.

त्या आठवड्यात ऑफिसात माझा चेहरा पाहून आमच्या कतारी साहेबांनी काय झालं विचारलं. मी अख्खी कहाणी सांगितली, एसीच्या नळीसकट. साहेब हसले नाहीत. ते दुखावले. त्यांच्या देशाकडे गडगडाट नाही असं कोणी म्हटलेलं त्यांना सहन होईना. त्यांनी मला समोर बसवून समजावलं की इथे दमट हवा म्हणजे समुद्र, पाऊस नव्हे. हवा गार होऊ लागली, ऋतू पालटला, आणि आग्नेयेकडचा वारा सुटला की मग आभाळाकडे बघायचं. या दिवसांना ते वस्म म्हणतात, आणि त्याची ते दिवाळीसारखी वाट बघतात. माझ्या मनात आलं, म्हणजे आमचं सगळं उलटं. आमच्याकडे तापलं की गडगडतं, यांच्याकडे निवलं की.

आणि गच्चीवर खुर्च्या मांडून बसलो होतो हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या त्या खास गल्फी हिंदीत म्हणाले, "तुम लोग बारिश का इंतजार करता है. हम लोग मिलने जाता है." इथला पाऊस म्हणजे एका गल्लीत आहे तर दुसरीत नाही. ज्याला सापडेल त्याने फोन करायचा आणि बाकीच्यांनी गाड्या काढायच्या. मलाही फोन करीन म्हणाले. इन्शाल्ला.

नोव्हेंबरात सातव्या महिन्याचं डोहाळजेवण ठरलं. बायकोने ठरवलं, चांदण्यातलं. म्हणजे हॉलमध्ये निळी चादर, तिच्यावर लुकलुकणारे दिवे, आणि मधे तोच झोपाळा, ज्याच्याकडे मी आदराने लांबूनच बघत होतो. सकाळी मी आणि नाशिककर नजम्याच्या बाजारात जाऊन मोगऱ्याचे गजरे घेऊन आलो. गाडीभर वास. बायकोने आणि जमलेल्या चार-पाच जणींनी त्या गजऱ्यांचा मुकुट केला, बाजूबंद केले, आणि फुलं गुंडाळून धनुष्यबाण केला. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, हातात धनुष्य, अशी मुलगी झोपाळ्यावर बसली तेव्हा ती एखाद्या पौराणिक नाटकातली राणी दिसत होती, जिचे संवाद लेखकाने लिहायचे राहिले आहेत.

आम्हा पुरुषांची रवानगी स्वयंपाकघरात झाली होती, मसालेभाताच्या पातेल्यासोबत. बाहेर गाणी चालली होती. मी सहज खिडकीतून पाहिलं तर ऊन विझल्यासारखं झालेलं. आभाळ भिजलेल्या गोणपाटासारखं. वारा सुटला आणि समोरच्या मोकळ्या जागेतून धूळ उठली. नाशिककर आपसूक म्हणाला, द्राक्षं. मग स्वतःच ओशाळला.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. साहेबांचा आवाजी निरोप. मागे पोरांचा किलबिलाट, गाडीच्या टपावर ताशा वाजावा तसा पाऊस, आणि साहेब शाळकरी मुलासारखे ओरडत होते की यल्ला, उत्तरेला निघ, उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पुढे.

बायकांच्या ओटीभरणात पुरुषाने घुसायचं नसतं. मी घुसलो. गाणं थांबलं. मी सगळं एका श्वासात सांगितलं. सगळ्याजणी माझ्या बायकोकडे बघायला लागल्या, कारण नारळ तिच्या हातात होता. आणि बायको मुलीकडे बघत होती. मला तिच्या मनातलं स्वच्छ दिसत होतं. पायाळू, पोटुशी, आणि आपण होऊन विजेच्या पुढ्यात न्यायची. कोकणातल्या सात पिढ्या तिचा पदर मागे ओढत होत्या.

मुलगी झोपाळ्यावरून उठली. उठताना तिचे पाय थरथरत होते आणि तिने ते लपवलं नाही.

"आधी ओटी," बायको म्हणाली. "मग वीज."

तिने शांतपणे नारळ-तांदळाने ओटी भरली, हळदकुंकू लावलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन आली ती हातात लोखंडी तवा घेऊन.

बाकीच्या बायकांनी मसालेभाताकडे लक्ष द्यायचं कबूल केलं. गाडीत आम्ही चौघंच. मुलगी पुढे माझ्या शेजारी, पट्टा नीट लावून, मुकुट टपाला टेकलेला आणि मांडीवर धनुष्य. मागे नवरा, आणि बायको तव्यासह. निघतानाच मी इंजिनिअर म्हणून निवेदन केलं की विजेच्या वेळी उघड्यावर उभं राहायचं नाही, पण काचा लावलेली गाडी सुरक्षित. वीज पडलीच तर बाहेरच्या लोखंडी अंगावरून जमिनीत जाते, आतल्या माणसाला सहसा काही होत नाही. म्हणून काय वाटेल ते झालं तरी दार उघडायचं नाही. बायको क्षणभर विचारात पडली. म्हणजे अख्खी गाडी हाच कोयता का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तसंच. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझं शास्त्र आणि तिचं कोकण प्रथमच एका मतावर आलं. तवा मात्र तिने मांडीवरच ठेवला. गाडी जपानी होती.

अल अझीझियात नुसती धूळ. वायपर फिरवला तर काचेवर चिखलाची रांगोळी. पुढे रस्ता कोरडा ठणठणीत, एकीकडे चक्क ऊन पडलेलं. पुन्हा एसीची नळी निघाली तर? नाशिककर मागून मोबाइल बघून सांगत होता, काका, अजून वर, अजून वर. उम्म सलाल मोहम्मद आलं, शेतांच्या कुंपणाआडच्या खजुरी एका बाजूला वाकलेल्या दिसल्या, आणि कोणीतरी वरून बादली उपडी करावी तसा पाऊस काचेवर आदळला. रस्त्याचा ओढा झाला. मी गाडी बैलगाडीच्या वेगावर आणली.

गाव मागे पडलं आणि समोर उघडं माळरान. आणि काय सांगू, तिथे जत्रा भरली होती. रस्त्याच्या कडेला कठीण जमिनीवर मोठमोठ्या जीपा उभ्या, आतमध्ये थर्मासमधून चहा ओतणं चाललेलं, काचेला नाकं लावून पोरं. जणू सबंध देश पावसाला भेटायला आला होता. मीही त्यांच्या रांगेत गाडी लावली. शेजारच्या जीपमधल्या मुलांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांना हिरव्या साडीतली, फुलांचा मुकुट घातलेली, धनुष्य घेतलेली एक बाई दिसली. ती पोरं आधी थक्क झाली आणि मग हात हलवायला लागली. मुलीने अत्यंत गंभीरपणे धनुष्य उचलून त्यांना मानवंदना दिली.

आणि तेव्हाच पहिली चमकली.

तिने डोळे गच्च मिटले. पाय उचलून सीटवर घेता येईनात, तरी ती घ्यायला बघत होती. गडगडाट आला तसा तिचा हात दाराच्या कडीकडे गेला. कुठे जाणार होती? मैलोगणती खोली नव्हती, पोतं नव्हतं. मी दारांचं कुलूप आधीच दाबलेलं होतं. नवऱ्याने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मग मागच्या सीटवरून तवा खाली ठेवल्याचा आवाज आला. बायको पुढे वाकली. तिने मुलीच्या कानापाशी तोंड नेलं.

"डोळे उघड, बाळा. मी इथे आहे. कोणी आत घेणार नाही तुला."

मुलीने डोळे उघडले.

मी पुण्यात वीज पाहिली आहे, इमारतींच्या मधल्या पट्टीतून. कोकणात पाहिली आहे, माडांच्या आणि डोंगरांच्या आडून. दोन्हीकडे ती आपल्याला तुकड्यातुकड्याने मिळते. इथे आड यायला काही नव्हतं. डोंगर नाही, झाड नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट जमीन आणि तिच्यावर तेवढंच मोठं आभाळ. ती निघाली ती अगदी वरून, मुळापासून. फांद्या फुटत फुटत, जांभळी, पांढरी, पुन्हा जांभळी, सबंध क्षितिजभर पसरली आणि आपली बोटं तिने वाळूवर टेकवली. माळरानावरचा खडा न्‌ खडा दिसला. शेजारच्या जीपांमधून पोरांचा एकच चीत्कार उठला. ओसरीवरून उठायचा, तसाच.

मग आवाज. री ओढायला इथे दुसरा डोंगर नव्हता. एकच गर्जना, एकपात्री, गाडीच्या पत्र्यातून, सीटमधून, बरगड्यांमधून आरपार गेली. त्यापुढे माझा पत्रा, माझा ट्रे, माझी हौशी नाटकांतली सगळी कारकीर्द मला आठवली आणि मी मनातल्या मनात विंगेत जाऊन उभा राहिलो.

मागे बायको पुटपुटत होती की हा आमच्याकडचाच, आश्विनातला. नाशिककर म्हणत होता, गारा नाहीत ना, मग ठीक आहे. मीही वळिवाचा दावा लावायला तोंड उघडलं. आणि शेजारी बघितलं, तर मुलगी पट्टा ताणून पुढे झुकली होती. मुकुट कानावर घसरलेला, एक तळवा समोरच्या काचेवर, दुसरा पोटावर, आणि डोळे इतके मोठे की त्यांत ते सगळं आभाळ मावलं असावं. पाय खाली टेकलेले होते. अजिबात थरथरत नव्हते. आणि आयुष्यात कधी आवाज न चढवलेली ती मुलगी, पिटातल्या शेवटच्या रांगेतून ओरडावं तशी, खच्चून ओरडली:

"वन्स मोर!"